ताप उतरला, शीण राहिला

चोपड्याला आमची रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. सकाळी सातपासून उपाशीपोटीची सँपलं, मग मशीन, मग रिपोर्ट, दुपारनंतर जेवणानंतरच्या साखरेवाले. भादवा सरत आला की रांग लागते ती पेशी बघायला येणाऱ्यांची. डेंग्यू, चिकनगुनिया, मलेरिया, टायफॉइड, सगळं एकाच सुमाराला. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे घरोघर टाक्या आणि ड्रम भरलेले, आणि डेंग्यू-चिकनगुनिया या दोन्ही तापांचा एडिस डास वाढतो तो नेमका अशाच साठवलेल्या पाण्यात. आरोग्य खात्याची माणसं येऊन टाकीत अळ्या मारणारं अ‍ॅबेट टाकतात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून बजावतात. आमच्या गल्लीत बरेच जण पाळतात. तरी त्या वर्षी नवरात्र सरता सरता मला चिकनगुनियाने गाठलंच.

तापाविषयी मला फारसं सांगायचं नाही. ताप सगळ्यांना कळतो. ताप गेल्यानंतर अंगात आणि मनात जे मागे राहतं त्याविषयी सांगायचं आहे, कारण आमच्या भागात त्याला आजार म्हणून कोणी ओळखत नाही. अंगाला असेल तर 'अशक्तपणा' म्हणून टॉनिक देतात आणि मनाला असेल तर 'मनावर घेऊ नको' म्हणून गप्प करतात. दोन्ही एकाच मुळातून येत असतील, आणि ते मूळ आपल्याच प्रतिकारशक्तीत असेल, हे मला जळगावला जाईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

आठवडाभरात ताप उतरला. मनगटं, घोटे आणि बोटांचे सांधे मात्र धरलेले राहिले. पेशींसाठीच्या ट्यूबला जांभळं झाकण असतं, ते अंगठ्याने नुसतं ढकलायचं तरी डोळ्यांत पाणी यायचं. पेशंटच्या दंडाला रबरी पट्टा बांधायचं काम मी मदतनीस मुलीकडे दिलं. शीर तेवढी मी शोधायची.

दिवाळीपर्यंत सांधे बरेच मोकळे झाले, आणि खरा त्रास तिथून पुढे कळायला लागला. केस धुऊन न्हाणीतून बाहेर आले की पलंगावर आडवं व्हावं लागे. रात्री नऊला झोपून सकाळी सहाला उठले तरी वाटायचं, रात्रभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचून आले. हिमोग्लोबिनचा आकडा लिहून पुढच्या पेशंटचं नाव वाचेपर्यंत मागचा आकडा डोक्यातून गेलेला असायचा. रिपोर्टमध्ये चूक होऊन चालत नाही, म्हणून प्रत्येक ओळ त्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यायला लागले. आणखी एक विचित्र प्रकार होता. ज्या दिवशी काम जास्त झालं त्या दिवशी काही होत नसे, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी अंग पडायचं. त्यामुळे कशाने काय होतंय याचा मेळच लागेना.

गावातल्या एका डॉक्टरांनी सलाईन लावलं. ताकद येईल म्हणाले. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, तेवढी तर दोन कप गोड चहातही जवळपास जाते. पण आपल्याकडे सलाईन लागल्याशिवाय माणूस आजारी होता असं घरच्यांनाही पटत नाही. दुसऱ्या एकांनी सांध्यांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्या चालू होत्या तोवर मी नवीन झाले होते. सांधे हलके, डोकं मोकळं, स्वयंपाकघरात गाणं गुणगुणत होते. गोळ्या संपल्या आणि सगळं परत आलं. पुढे मानसोपचार डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते थांबून म्हणाले की ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे, पण पुरावा म्हणून धरू नका, कारण स्टेरॉइड स्वतःही काही दिवस मन उल्हसित करतं. आणि ते असं मनाने घेत राहिलं तर साखर, हाडं, रक्तदाब सगळ्यांवर उठतं. आमच्या लॅबमध्ये तसे लोक येतात, सांधेदुखीच्या पुड्या वर्षानुवर्षं घेतलेले, साखर तीनशेच्या घरात.

मशीन हाताशी असल्यामुळे मी स्वतःच्या तपासण्या भराभर करून घेतल्या. हिमोग्लोबिन ठीक, थायरॉइड ठीक, साखर ठीक, संधिवाताचा आरए फॅक्टर निगेटिव्ह. बी १२ मात्र खूप खाली. आमचं घर माळकरी, अंडंसुद्धा नाही, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. इंजेक्शनं घेतली. तळपायांना यायच्या त्या मुंग्या गेल्या, जिभेची आग गेली, पण थकवा जागचा हलला नाही. सीआरपी काचपट्टीवर केला, तो निगेटिव्ह आला.

या काचपट्टीबद्दल थोडं सांगते, कारण पुढे त्याचा संबंध आहे. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. शरीरात कुठे दाह पेटला की रक्तात त्याचं प्रमाण वाढतं. छोट्या लॅबमध्ये ते काळ्या काचपट्टीवर करतात. रक्तातल्या पाण्याचा एक थेंब, लॅटेक्सचा एक थेंब, काडीने ढवळायचं आणि दोन मिनिटं पट्टी हलवत राहायचं. दाणे धरले तर पॉझिटिव्ह. पण हे दाणे लिटरला सहा मिलिग्रॅमच्या आसपास गेल्याशिवाय धरतच नाहीत. न्यूमोनिया, मोठा जंतुसंसर्ग यात सीआरपी शंभरावरही जातो, तेव्हा पट्टी पुरते. तीन, चार, पाच असा मंद दाह असेल तर पट्टी कोरी दिसते.

घरात तोवर कुजबुज सुरू झाली होती. सासूबाई मनाने वाईट नाहीत. त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली, गूळ-तुपाचा शिरा करून दिला. पण महिना उलटला, दोन उलटले, तशा म्हणायला लागल्या, "आम्ही बाळंतपणानंतर निंदायला जायचो ग. तुमचं काम ते काय, बसून." सासूबाईंना मी कधी उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायलाही जोर लागतो.

पौषात आमच्याकडे भरीत पार्ट्या असतात. भरताची मोठी हिरवी वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, सोलून ठेचायची, त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून कच्चं तेल, आणि सोबत कळण्याची भाकरी. दिरांच्या शेतात दरवर्षी सगळं खटलं जमतं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून मिरची ठेचायचं काम माझं. त्या वर्षी गेले, शेकोटीजवळ बसले, पानात भरीत वाढलेलं, आणि मला काहीच वाटलं नाही. भूक नाही, वास नाही, कोणाशी बोलावंसं नाही. माझी मुलगी मांडीवर येऊन बसली तेव्हा तिचं वजन तेवढं जाणवलं. त्या रात्री मी ह्यांना सांगितलं की मला आता डोक्याच्या डॉक्टरकडे ने. ते घाबरले. पण दुसऱ्या आठवड्यात आम्ही जळगावच्या गाडीत होतो. चोपड्यात दाखवलं असतं तर संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत झालं असतं, म्हणून तापी ओलांडून जायचं. अशी लपवाछपवी करावी लागते याचं मला तेव्हाही वाईट वाटलं होतं, आजही वाटतं.

डॉक्टरांनी आधी माझ्या तपासण्यांची फाईल पूर्ण वाचली. हे पहिल्यांदाच घडत होतं. मग नऊ प्रश्नांचा कागद दिला. मागच्या दोन आठवड्यांत किती दिवस झोप बिघडली, भूक गेली, थकवा वाटला, लक्ष लागलं नाही, मन उदास राहिलं. नववा प्रश्न, मरून जावं असं वाटलं का. मी पेन धरून बसून राहिले. ह्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मी 'काही दिवस' वर खूण केली. डॉक्टरांनी त्यावर शांतपणे आणखी विचारलं, कसले विचार, काही ठरवलं होतं का, घरात फवारणीची औषधं कुठे असतात. हा शेवटचा प्रश्न खान्देशातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या घरात विचारायलाच हवा असा आहे. ह्यांनी त्याच दिवशी ती औषधं दिरांच्या गोदामात नेऊन कुलूप लावलं. डॉक्टरांनी १४४१६ हा नंबरही लिहून दिला. सरकारची टेली मानस सेवा आहे, २०२२ पासून चालू, फुकट, रात्री-अपरात्रीही लागते आणि मराठीत बोलता येतं. माझी वेळ आली नाही, पण आमच्या लॅबच्या भिंतीवर आता तो नंबर लावलेला आहे.

मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मी अजून विसरले नाही. "ताई, भरीत खावंसंच वाटत नाही, की खावंसं वाटतं पण शेतापर्यंत जायची ताकद नाही?"

मला उत्तर द्यायला वेळ लागला, कारण दोन्ही खरं होतं, फक्त वेगवेगळ्या वेळेला. दिवाळीत मला चकल्या कराव्याशा वाटत होत्या, पीठ मळायला हात चालत नव्हते, म्हणून रडू यायचं. पौषात करावंसं वाटणंच संपलं होतं. डॉक्टर म्हणाले की पहिला भाग तापानंतरच्या थकव्याचा आणि दुसरा नैराश्याचा. एकावर दुसरा चढला आहे, उपचार दोघांचा करायचा, पण वेगवेगळा.

ह्यांनी विचारलं, तापाचा आणि उदास होण्याचा काय संबंध? डॉक्टरांनी उलट विचारलं, "बैल आजारी पडला तर काय करतो?" त्यावर हे लगेच बोलायला लागले. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा राज्यातला पहिला प्रादुर्भाव आमच्याच जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला सापडला होता. दिरांच्या बैलालाही झाला. तो गोठ्याच्या कोपऱ्यात तोंड करून उभा राहायचा, कान पडलेले, ढेपेला तोंड लावायचा नाही, जोडीचा बैल जवळ आला तरी सरकून जायचा. डॉक्टर म्हणाले, "त्याला कोणी आळशी म्हणालं का? त्याने मनावर घेतलं होतं का?"

कॅलिफोर्नियातले पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ साली हेच मांडलं होतं. आजारी जनावर खाणं सोडतं, पडून राहतं, कळपापासून दूर जातं, ते रोगाने खचून नव्हे. ताप चढवायला खूप ऊर्जा लागते, ती वाचवण्यासाठी शरीरच जनावराला खाली बसवतं. पुढे फ्रान्समधल्या रॉबर्ट डँट्झर आणि इतर संशोधकांनी त्यामागची यंत्रणा शोधली. जंतू शिरला की प्रतिकारपेशी सायटोकाइन नावाचे निरोप सोडतात. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ ही त्यांतली मोठी नावं. हे निरोप मेंदूला दोन-तीन वाटांनी पोचतात. एक वाट पोटा-छातीतून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूची, दुसरी रक्तातून, मेंदूभोवतीचं कुंपण जिथे विरळ आहे तिथून. मेंदूच्या स्वतःच्या प्रतिकारपेशी असतात, मायक्रोग्लिया, त्या जाग्या होतात. मग भूक मरते, झोप बिघडते, कशातच गोडी वाटत नाही, माणसं नकोशी होतात. तापाच्या चार दिवसांत हे सगळ्यांना होतं आणि ताप गेला की जातं. काहींच्या बाबतीत निरोप थांबत नाहीत, किंवा थांबले तरी मेंदूतली जाग उतरत नाही.

ट्रिप्टोफॅनचा भाग मला लॅबवाली म्हणून जास्त पटला. डाळी-दुधातून येणारं हे अमिनो आम्ल मेंदूत सेरोटोनिन हे मनःस्थितीशी संबंधित रसायन करायला लागतं. दाह असताना आयडीओ नावाचं एन्झाइम जोरात चालतं आणि ट्रिप्टोफॅनला दुसऱ्याच रस्त्याला, कायन्युरेनिनकडे वळवतं. त्या रस्त्यावर तयार होणारे काही पदार्थ मेंदूला त्रासदायक असतात. म्हणजे एका बाजूने कच्चा माल कमी पडतो आणि दुसऱ्या बाजूने नको ते वाढतं.

हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही. हिपॅटायटिस सीवर गोळ्या येण्याआधी इंटरफेरॉनची इंजेक्शनं महिनोन्‌महिने द्यायचे. इंटरफेरॉन म्हणजे सायटोकाइनच, बाहेरून दिलेलं. धडधाकट मनाच्या माणसांतही ती घेताना साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य यायचं, थकवा तर त्याहून जास्त जणांना. २००१ साली अमेरिकेत मेलानोमा या कर्करोगासाठी इंटरफेरॉन घेणाऱ्या ४० जणांवर अभ्यास झाला. निम्म्यांना आधीपासून नैराश्याची गोळी दिली, निम्म्यांना औषध नसलेली साधी. साध्या गोळीवाल्यांतल्या ४५ टक्क्यांना नैराश्य आलं, औषधवाल्यांतल्या ११ टक्क्यांना. मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा मनातला एक दगड उतरला. इंजेक्शनने जे होऊ शकतं ते स्वभावाचा दोष कसा असेल?

डॉक्टरांनी सीआरपी पट्टीवर नको, आकड्यात करा असं सांगितलं. जळगावच्या लॅबमध्ये केला, ४.८ आला. तीनच्या वर म्हणजे मंद दाह धरतात. मी उत्साहाने तो कागद घेऊन गेले, तर त्यांनी मला जरा थोपवलं. हिरड्या सुजल्या असतील, वजन जास्त असेल, साधी सर्दी असेल तरी एवढा वाढतो. झोप नसली, ताण असला तरी वाढतो, म्हणजे नैराश्याने दाह आणि दाहाने नैराश्य असं दोन्हीकडून चालतं. आणि नैराश्याच्या सगळ्या रुग्णांत तो वाढलेला नसतो, साधारण चौघांतल्या एकात असतो. त्यांनी २०१३ मधल्या एका प्रयोगाचं उदाहरण दिलं. औषधांना दाद न देणारं नैराश्य असलेल्या ६० जणांना टीएनएफ रोखणारं इन्फ्लिक्सिमॅब किंवा साधं सलाईन दिलं. सगळे मिळून पाहिलं तर औषधाचा काहीच फायदा दिसला नाही. पण ज्यांचा सीआरपी पाचच्या वर होता त्यांच्यात सुधारणा जास्त दिसली, आणि ज्यांचा कमी होता त्यांच्यात साधं सलाईनच बरं ठरलं. म्हणून नैराश्यासाठी दाह मारणारी औषधं सरसकट कोणी देत नाही. 'इम्युनिटी वाढवा' म्हणून काढे आणि पावडरी विकणाऱ्यांनी तर हे नक्की वाचावं. माझा त्रास प्रतिकारशक्ती कमी पडल्याचा नव्हता, ती शांत होत नव्हती याचा होता.

मला नैराश्याची नेहमीची गोळी सुरू झाली. परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतात, आधी मळमळ होईल, सोडू नका, असं आधीच सांगितलं होतं म्हणून टिकले. शिमग्याच्या सुमाराला पहिला फरक कळला. मुलगी शाळेतलं काहीतरी सांगत होती आणि मी ते ऐकत होते, नुसतं तिच्या तोंडाकडे बघत नव्हते. मन असं वर यायला लागलं तरी अंग तिथेच होतं.

नैराश्यात डॉक्टर सांगतात की हिंडा, फिरा, उठून कामाला लागा. ते बरोबरच आहे. पण तापानंतरच्या या थकव्यात, श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोसळायला होत असेल तर, रोज थोडं थोडं रेटत वाढवणं अंगाशी येऊ शकतं. २०१५ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने दीर्घकाळच्या थकव्याच्या या आजाराची जी लक्षणं पक्की केली त्यात हे कोसळणं मुख्य आहे. सहा महिन्यांहून जास्त टिकणारा थकवा, झोपूनही न जाणारा, आणि सोबत विसरभोळेपणा किंवा उभं राहिलं की त्रास. ब्रिटनमध्ये आधी ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवायला लावायचे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या नाइस संस्थेने नवी मार्गदर्शिका काढली आणि तो उपचार देऊ नका म्हणून स्पष्ट लिहिलं. मन म्हणतं ऊठ, अंग म्हणतं बस, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. हा गुंता सोडवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मी वही घातली. कोणत्या दिवशी काय काम केलं आणि पुढच्या दोन दिवसांत अंग कसं होतं, एवढंच लिहायचं. त्यातून माझी मर्यादा दिसायला लागली. सकाळची सँपलं स्टुलावर बसून घ्यायची, मध्ये दमायच्या आधीच पंधरा मिनिटं आडवं व्हायचं, दमल्यावर नाही. धुणं आणि बाजार एका दिवशी नाही. दुपारची साखरेची सँपलं पूर्णपणे त्या मुलीकडे. घराच्या गच्चीवर चार फेऱ्या, पाचवी मारता येईल असं वाटलं तरी चारच. चैत्रात भाचीचं लग्न होतं. हळदीच्या रात्री मी मनापासून नाचले, दिवसभर पाहुण्यांना वाढलं, लग्न पार पडेपर्यंत ठणठणीत होते. तिसऱ्या दिवशी उठता आलं नाही. पुढचा आठवडा अंधार करून पडून होते, भांड्याचा आवाजही सहन होईना. पण या खेपेला मन खचलं नाही. काय झालंय हे मला माहीत होतं, आणि वहीत ते आधीच दिसत होतं.

त्या आठवड्यात ह्यांनी मोबाईलवर शोधून एक अभ्यास मला वाचून दाखवला, मग मी तो सासूबाईंना सांगितला. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो या ग्रामीण गावाच्या परिसरातला, २००६ साली छापलेला. तीन वेगवेगळ्या तापांच्या २५३ रुग्णांवर आजाराच्या सुरुवातीपासून नजर ठेवली होती. त्यातला एक ताप रॉस रिव्हर विषाणूचा, डासामुळे होणारा, सांधे धरणारा, चिकनगुनियाच्याच घराण्यातला. सहा महिन्यांनी १२ टक्के लोक अजून थकव्यातच होते, ताप कुठलाही असो. कोणाला राहील हे कशावरून ठरलं? आधीचा स्वभाव, मनाची ठेवण, वय यांपेक्षा मूळ ताप किती जोराचा होता यावरून. सासूबाई गहू निवडत होत्या. सुपातला हात थांबवून त्यांनी विचारलं, "म्हणजे तुझा ताप जोराचा होता." मी हो म्हटलं. त्यानंतर त्यांनी बाळंतपणाची गोष्ट पुन्हा काढली नाही. दुपारी मी पडले की दाराची कडी त्या स्वतः लावून घेतात.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले, अमळनेरकडे. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतातच, कितीही लांब असल्या तरी. दारच्या निंबाला झोका बांधलेला, भाच्या गाणी म्हणत होत्या. मी ओट्यावर बसून बघत होते. आईने तोंडावरून हात फिरवला आणि अहिराणीत म्हणाली, "ताप गया, शीन नही गया तुना." तिला सायटोकाइन माहीत नाहीत. पण तिने मला झोक्यावर बसायचा आग्रह केला नाही, की पुरण वाटायला बोलावलं नाही, आणि मला बघायला आलेल्या बायकांना परस्पर सांगून टाकलं की पोर आजारी आहे, दमवू नका. आजारी आहे असं कोणी दुसऱ्याने म्हणण्याची किती गरज होती ते मला तेव्हा कळलं.

मे महिना कठीण गेला. पारा ४५ च्या आसपास असताना उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरांनी पाणी आणि मीठ वाढवायला सांगितलं, माझा रक्तदाब मुळात कमी म्हणून. सगळ्यांना ते चालणार नाही. पाऊस सुरू झाल्यावर हळूहळू वहीतल्या वाईट दिवसांमधलं अंतर वाढत गेलं. सीआरपी पुन्हा केला, दोनच्या खाली होता. त्याने मी बरी झाले की बरी झाले म्हणून तो उतरला, हे मला सांगता येणार नाही. डॉक्टरही त्यावर फार बोलले नाहीत, गच्चीवर किती फेऱ्या होतात तेवढं विचारलं.

आता मी दुपारची सँपलं परत घेते, शनिवार सोडून. थंडीत बोटं सकाळी आखडतात. गोळी डॉक्टर हळूहळू कमी करत आहेत, अर्धी झाली आहे, पूर्ण बंद करायची घाई नाही. यंदा चैत्रात गल्लीतल्या बायका सप्तशृंगीला पायी जाणार आहेत, मी एसटीने जाणार आणि वणीला त्यांना भेटणार. लॅबमध्ये पेशी वाढल्या म्हणून खूश होऊन रिपोर्ट नेणाऱ्याला मी एक गोष्ट आवर्जून सांगते. महिन्या-दोन महिन्यांनी अंगात जीव नाही असं वाटलं, किंवा कशातच मन लागेना झालं, तर सलाईनवर थांबू नका, बी १२ आणि थायरॉइड तपासून घ्या आणि मग चांगल्या डॉक्टरला दोन्ही गोष्टी सांगा, अंगाचीही आणि मनाचीही. घरचं माणूस सोबत असेल तर त्यालाही थांबवून सांगते. बरेच जण मान हलवून जातात. परवा धानोऱ्याकडची एक बाई सुनेला घेऊन परत आली आणि म्हणाली, तुम्ही मागे सांगत होतात तसंच झालंय हिला. मी त्यांना बसवून घेतलं.